चिमुकला संगणक व त्याची धूळपाटी

गेल्या पालकसभेच्या दिवशी आपल्या प्रयोगशाळेत सातवीची काही मुले एका टेबलाभोवती काम करीत बसली होती. टेबलावर एटीएम कार्डाएवढी एक हिरवी पाटी होती व तिला पडदा, कळफलक आणि माऊस जोडलेले होते. एक गृहस्थ तो प्रकार काही वेळ न्याहाळीत उभे राहिले आणि मग मला म्हणाले, "सर, मुलाने कोठे चुकीचे बोट ठेवले आणि हे यंत्र बिघडले, तर भरपाई कोण देणार?"

प्रश्न रास्त होता. ज्या घरात कापसाच्या एका हंगामावर वर्षभराचा संसार चालतो, त्या घरच्या माणसाने महागड्या वस्तूस भ्यावे यात नवल नाही. मी त्यांना त्या वेळी दोन शब्दांत उत्तर दिले. परंतु ते पुरेसे नव्हते. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर होय. ते देताना हा चिमुकला संगणक प्रथम सज्ज कसा करावयाचा, हेही क्रमाने सांगण्याचे योजिले आहे.

या पाटीचे नाव रास्पबेरी पाय. ८५ मिलिमीटर लांब व ५६ मिलिमीटर रुंद अशा एकाच पाटीवर गणन करणारा मेंदू, तात्पुरती स्मृती, पडदा व कळफलक जोडण्याची तोंडे ही सर्व अंगे बसविलेली असतात. म्हणून अशा यंत्रास एकाच पाटीवरचा संगणक म्हणतात. इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन व त्यांचे सहकारी यांस असे आढळून आले की, संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांची संख्या घटत आहे व जी येतात त्यांनाही स्वतः यंत्रास आज्ञा लिहून देण्याचा सराव उरलेला नाही. १९८१ साली निघालेला बीबीसी मायक्रो हा संगणक तेथील शाळाशाळांतून असे, व तो सुरू करताच मुलापुढे आज्ञा लिहिण्याची ओळ उभी राही. पुढे घरोघर आलेली यंत्रे मात्र सर्व तयारीनिशी आली. त्यांच्या आत काय चालते हे पाहण्याची मुलांना ना गरज राहिली, ना मुभा. ही उणीव भरून काढण्याच्या हेतूने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ही पाटी विक्रीस आली. त्या वेळी तिची किंमत ३५ डॉलर व स्मृती २५६ मेगाबाइट होती. त्यानंतर अनेक नमुने निघाले. आपल्या शाळेत आहे तो २०१९ साली निघालेला चौथा नमुना होय.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. दुकानातून आणलेला लॅपटॉप उघडला की चालू लागतो, कारण त्यात ऑपरेटिंग सिस्टिम आधीच भरलेली असते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय? कोणती कळ दाबली गेली हे जाणणे, पडद्यावर अक्षर उमटविणे, कोणत्या कामास किती स्मृती द्यावयाची हे ठरविणे, फाइली नीट लावून ठेवणे, ही सारी व्यवस्था पाहणारा जो मूळ कार्यक्रम, ती ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यावाचून संगणक म्हणजे व्यवस्थापकावाचून कारखाना. यंत्रे जागेवर आहेत, पण काम नाही.

आपल्या चिमुकल्या पाटीत ही सिस्टिम नसते; इतकेच नव्हे, तर ती साठविण्याची जागाही पाटीवर नसते. पाटीच्या खालच्या अंगास एक बारीक खाच आहे. तीत बोटाच्या नखाएवढे मायक्रोएसडी कार्ड सरकवावयाचे व त्या कार्डावर आपणच सिस्टिम लिहावयाची. कार्ड काढले की यंत्र कोरे. दुसरे कार्ड घातले की तेच यंत्र निराळ्या गुणांचे होते.

हे वाचून आपणांस पूर्वीच्या शाळांतील धूळपाटीचे स्मरण व्हावे. आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावनजीक पाटण येथे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापिला, व त्यास दान मिळाले, असे त्या लेखात नमूद आहे. त्या काळी अंकगणितास पाटीगणित म्हणत व आकडेमोड पाटीवर पसरलेल्या धुळीत बोटाने करीत. चूक झाली तर तळहात फिरवावा आणि पुन्हा मांडावे. पाटीचे काही बिघडत नसे. पुसले जाई ते केवळ लिहिलेले. आपल्या संगणकाचे कार्ड ही अशीच धूळपाटी आहे. मुलाने चुकीची आज्ञा दिली तर फार तर कार्डावरचे लिखाण बिघडेल. ते अर्ध्या-पाऊण तासात पुसून पुन्हा लिहिता येते. पाटीस खरी इजा होते ती चुकीच्या दाबाची वीज दिल्याने, पाणी सांडल्याने किंवा चालू असता तिच्या पिनांस धातूची वस्तू लागल्याने. तेवढी दक्षता घेतली म्हणजे चुकण्याचे भय बाळगण्याचे कारण नाही.

सज्ज करण्यास लागणारे साहित्य येणेप्रमाणे: पाटी, निदान ३२ जीबीचे चांगले कार्ड, ५ व्होल्ट व ३ अँपिअर देणारा पुरवठा, पडदा व त्याची तार, कळफलक आणि माऊस. याखेरीज कार्ड लिहिण्यापुरता दुसरा एखादा चालू संगणक हवा.

त्या दुसऱ्या संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर नावाचा विनामूल्य कार्यक्रम उतरवून घ्यावा. तो आपणांस तीन गोष्टी निवडावयास सांगतो. पहिली, आपल्या पाटीचा नमुना. दुसरी, कोणती सिस्टिम हवी ती. नवशिक्याने रास्पबेरी पाय ओएस हीच घ्यावी. तिसऱ्या नमुन्यापासून पुढच्या पाट्यांस ६४ बिटांची चालते, त्याहून जुन्यांस ३२ बिटांची घेणे बरे. ही सिस्टिम डेबियन या मुक्त सिस्टिमवर आधारलेली आहे, व तिचा गाभा म्हणजे १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहावयास घेतलेला लिनक्स. तो कोणासही फुकट घेता येतो, उघडून पाहता येतो व सुधारता येतो.

तिसरी निवड कोठे लिहावयाचे ही. येथे हात थांबवून दोनदा वाचावे. आपण जी जागा निवडू तीवरील सर्व काही पुसले जाणार आहे. त्याच संगणकास घरच्या लग्नाच्या छायाचित्रांचा पेनड्राइव्ह लावलेला असेल आणि चुकून त्यावर बोट पडले, तर ती छायाचित्रे गेली म्हणून समजावे. यास्तव कार्डाखेरीज बाकी सर्व पेनड्राइव्ह आधीच काढून ठेवावेत.

नंतर तो कार्यक्रम वापरणाराचे नाव, सांकेतिक शब्द, वायफायचे नाव, कालविभाग व कळफलकाचा प्रकार विचारतो. पूर्वी प्रत्येक पाटीवर नाव व सांकेतिक शब्द ठरलेलेच असत व ते साऱ्या जगास ठाऊक होते. कोणीही परका त्या आधारे आत शिरू शके, म्हणून एप्रिल २०२२ पासून ती प्रथा बंद झाली. आपला शब्द आपणच निवडावा व तो पडद्याच्या कडेस चिकटवून ठेवू नये!

पुष्कळ विद्यार्थी येथे एक चूक करितात. उतरवून घेतलेली सिस्टिमची फाइल ते नेहमीच्या फाइलीप्रमाणे कार्डावर नुसती नक्कल करून ठेवितात, व यंत्र चालत नाही म्हणून तक्रार करितात. त्या फाइलीत केवळ मजकूर नसून मजकुराची मांडणीही असते. शेतात बांध घालून दोन वाटे करावेत, तसे कार्डाचे दोन भाग करावे लागतात. एक लहान, आरंभीच्या सूचनांचा. दुसरा मोठा, खुद्द सिस्टिमचा. इमेजर ही मांडणी जशीच्या तशी कार्डावर उमटवितो.

लिहून झाल्यावर तो सर्व पुन्हा वाचून मुळाशी जुळते की नाही हे तपासतो. गुणाकाराचा आपण ताळा करितो, त्यातलाच हा प्रकार. सिस्टिमची फाइल केवढीही मोठी असो, तिच्यापासून शा-२५६ या रीतीने ६४ चिन्हांची एक ओळ काढता येते. फाइलीत एका अक्षराचा फरक पडला तरी ही ओळ सर्वस्वी पालटते. ताळा जुळेपर्यंत वाट पाहावी. घाई करून कार्ड ओढू नये. तसेच, लिहिलेले कार्ड विंडोजच्या संगणकास पुन्हा लावल्यास, मोठा भाग त्यास वाचता येत नसल्यामुळे, 'हे कार्ड फॉरमॅट करावयाचे काय?' असा प्रश्न तो कधीकधी विचारतो. त्यास 'नाही' असेच उत्तर द्यावे.

आता कार्ड खाचेत घालावे, पडदा व कळफलक जोडावा आणि सर्वांत शेवटी वीज द्यावी. पुढे जे घडते ते समजून घेण्यास आपल्या भागातील सरकी काढण्याच्या जिनाचे उदाहरण घेऊ. पहाटे जिनात एकटा पहारेकरी असतो. त्यास एकच काम ठाऊक असते. ते म्हणजे मुकादमास उठविणे. मुकादम फाटकाजवळची फळी वाचतो, तीवर लिहिलेल्या सूचनांप्रमाणे कोणकोणती यंत्रे लावावयाची ते पाहतो व व्यवस्थापकास बोलावितो. व्यवस्थापक आला की तो एकेका कामगारास कामास लावितो आणि मग जीन गजबजते. आपल्या पाटीतही मेंदूच्या चिपमध्ये कायमचा कोरलेला एक अगदी छोटा कार्यक्रम आहे. तो आपला पहारेकरी. तो दुसऱ्या एका चिपमधील आरंभक कार्यक्रमास उठवितो, हा मुकादम. आरंभक कार्डाच्या लहान भागातील सूचना वाचवून घेतो व लिनक्सचा गाभा स्मृतीत आणवितो, हा व्यवस्थापक. गाभा पुढे एकेक सेवा सुरू करितो व अखेरीस पडद्यावर आपले नाव दिसते. सूचनांची ती फळी म्हणजे कॉन्फिग नावाची साध्या मजकुराची एक फाइल असून ती कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येते. या यंत्रात विद्यार्थ्यापासून फार थोडे लपविलेले आहे, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

पहिल्या वेळी थोडा विलंब लागतो, कारण सिस्टिम आपला वाटा वाढवून सर्व कार्ड व्यापते. नंतर इंटरनेट असल्यास सर्व कार्यक्रम अद्ययावत करून घ्यावेत.

यंत्र चालू न झाल्यास घाबरून सर्व तारा उपटू नयेत. पाटीवरील दोन बारीक दिवे पाहावेत. तांबडा दिवा विजेचा. तो लागतच नसेल, तर दोष पुरवठ्यात. तांबडा लागला, पण हिरवा लुकलुकत नसेल, तर कार्ड वाचले जात नाही. हिरवा दिवा ठरावीक अंतराने चार वेळा लुकलुकत असेल तर आरंभीची फाइल सापडत नाही, सात वेळा असेल तर गाभा सापडत नाही. दोहोंवर उपाय एकच, कार्ड पुन्हा लिहिणे. दिवे ठीक असून पडदा काळा असेल, तर पडद्याची तार विजेच्या तोंडालगतच्या पहिल्या तोंडात घालून पाहावी. पडद्याच्या कोपऱ्यात विजेच्या लोळाचे चित्र दिसल्यास दाब कमी पडत आहे असे जाणावे. मोबाइलचा स्वस्त चार्जर वापरल्याने हे बहुधा घडते. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. तीन गोष्टी एकदम बदलून यंत्र सुरू झाले, तरी दोष कशात होता हे आपणांस कळत नाही, आणि न कळलेला दोष परत येतो.

आपल्या प्रांतासाठी आणखी दोन सूचना अगत्याच्या आहेत. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पाटीचा मेंदू ८० अंशांच्या पुढे तापला की स्वतः होऊन आपली गती कमी करितो. म्हणून त्यावर उष्णता शोषणारी धातूची पट्टी किंवा लहान पंखा बसवावा व पाटी पत्र्याच्या छपराखाली बंद पेटीत ठेवू नये. दुसरी गोष्ट, चौथ्या नमुन्यापर्यंतच्या पाट्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तेव्हा त्यांची तारीख मागे राहते. आज सोमवार असता यंत्र शनिवार दाखवू लागले, तर ते बिघडले असे समजू नये. तारीख हाताने लावावी.

मराठी लिहिण्याची सोयही करून घ्यावी. प्रारंभी देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसल्यास लोहित देवनागरी हा मुक्त टंक बसवावा, व कळफलकांच्या यादीतून मराठीचा इनस्क्रिप्ट निवडावा. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताकडे स्वर व मात्रा, तर उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने असतात. एक आठवडा सराव केला की बोटे आपोआप वळू लागतात.

खर्चाविषयी पालकांस सांगावयाचे ते असे. पाटीची किंमत तिच्या स्मृतीनुसार कमी-अधिक असते व बाजाराप्रमाणे चढते-उतरते. परंतु सिस्टिम व तिच्यासोबतचे कार्यक्रम यांस काहीही पडत नाही. एचडीएमआयचे तोंड असलेला घरचा टीव्ही पडद्याचे काम देतो. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाचे लिनक्सविषयीचे पाठ मराठीतूनही विनामूल्य पाहावयास मिळतात. हे काम पुण्या-मुंबईच्या मुलांचे, असेही कोणी समजू नये. आपल्या अमळनेरास २९ डिसेंबर १९४५ रोजी वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी निघालेली कंपनीच पुढे विप्रो या नावाने संगणकाच्या व्यवसायात शिरली व जगभर पोहोचली.

असो. आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट, ती म्हणजे यंत्र बंद करण्याची रीत. आपण लिहितो तो मजकूर तत्क्षणी कार्डावर जातोच असे नाही; काही काळ तो तात्पुरत्या स्मृतीत राहतो व सवडीने कार्डावर उतरविला जातो. अशा वेळी वीज तोडली, तर अर्धवट लिहिलेले लिखाण मागे राहते व प्रसंगी कार्डाची सारी मांडणी विस्कटते. म्हणून पडद्यावरील यादीतून 'शटडाउन' निवडावे, हिरवा दिवा लुकलुकावयाचा थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच बटण बंद करावे. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून ज्यास शक्य असेल त्याने लहानसा यूपीएस ठेवावा.

हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पटले मात्र स्वतःच्या चुकीने. आपल्या शाळेतील नववीचा एक विद्यार्थी आजीच्या तोंडून ऐकलेले अहिराणी शब्द या संगणकावर टिपून ठेवीत असे. मुलास आंडोर, मुलीस आंडेर, सर्वांस बठ्ठा. असे करता करता त्याने तीनशेच्या वर शब्द अर्थांसह जमविले होते. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी घाईत होतो. सवयीप्रमाणे दिवे-पंख्यांबरोबर प्रयोगशाळेचे मुख्य बटणही खाली ओढले. तो संगणक चालू आहे हे मी पाहिलेच नाही. सोमवारी हिरवा दिवा लुकलुकेना. कार्ड दुसऱ्या लिनक्सच्या संगणकास लावून पाहिले, माझ्याने होतील ते सर्व प्रयत्न केले. शब्द हाती लागले नाहीत. दुसरी प्रत कोठेही नव्हती, आणि ती ठेवावयास मी त्यास कधी सांगितलेही नव्हते.

मी त्या मुलाची वर्गासमक्ष क्षमा मागितली. तो क्षणभर गप्प राहिला व मग म्हणाला, "सर, पाटी पुसली गेली, पण आजी आहे अजून." त्याच दिवशी त्याने स्वतः नवे कार्ड लिहिले. दिवाळीच्या सुटीत तो साक्री तालुक्यातील आपल्या गावी गेला व आजीपाशी बसून सारे शब्द पुन्हा टिपून आला. काही जुने शब्द तिला आठवले नाहीत, काही नवे आठवले. आता त्या संग्रहाच्या तीन प्रती आहेत: एक कार्डावर, एक पेनड्राइव्हवर आणि एक वहीत शाईने लिहिलेली.

त्या पालकांच्या प्रश्नाचे माझे उत्तर यावरून ध्यानात येईल. मुलाच्या बोटाने यंत्र बिघडले, तर तोच मुलगा ते अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उभे करू शकतो. त्याची भरपाई कोणी देण्याची गरज नाही. ज्याने आपला संगणक एकदा कोऱ्या कार्डापासून उभा केला, तो कोणत्याही यंत्रापुढे पुन्हा भ्यावयाचा नाही. भरपाई होत नाही ती, ज्याची दुसरी प्रत ठेविली नाही त्या कामाची. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, सिस्टिम खुशाल पुसा व पुन्हा लिहा. पण स्वतःच्या श्रमांचे जे असेल, ते पाटी पुसण्यापूर्वी वहीत उतरवून घ्या. आणि प्रयोगशाळेतून सर्वांत शेवटी बाहेर पडणारा मी असलो, तर मुख्य बटणास हात घालण्यापूर्वी मला एकदा हटकण्यास संकोच करू नका.